उसवलेली ओळ

आमच्याकडे कुणी नवं काम दाखवायला आणलं की पहिल्यांदा ते पालथं केलं जातं. सुलट बाजूवरचा मोर, त्याचा पिसारा, रंग कसे जुळवलेत, हे सगळं नंतर. आधी मागची बाजू. दोरा कुठून कुठे नेलाय, गाठी किती मारल्यात, शेवट कसा दडवलाय, एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जाताना दोरा तोडलाय की तसाच लांबवर ताणलाय. नव्या बाईच्या मनाला हे पहिल्या दिवशी फार लागतं. ती सुलट बाजू वर धरून कौतुकाची वाट बघत असते आणि चार हात पुढे येऊन कापड उलटं करतात. दोन-तीन गुरुवार गेले की तीच दुसरीच्या हातातलं कापड उलटं करायला लागते. कारण शिकण्यासारखं जे काही असतं ते मागेच असतं. सुलट बाजू बघून नुसतं 'छान' म्हणता येतं.

गुरुवारी दुपारी तीन ते साडेपाच. सांगलीत, विश्रामबागेत एका मैत्रिणीच्या घराचा खालचा हॉल, जमिनीवर दोन सतरंज्या, खिडकीपाशी गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीन खुर्च्या. आम्ही दहा-बारा जणी. गटाला नाव नाही, फी नाही. आमच्यात नावांपेक्षा गावं जास्त चालतात. जतच्या मावशी, अथणीच्या काकू, मिरजेच्या वहिनी. कृष्णाकाठच्या या भागात कुणाचं माहेर, कुणाचं आजोळ कर्नाटकात असतं, त्यामुळे टाक्यांची नावंही मराठी-कानडी मिसळून येतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मिरजेच्या वहिनींकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात अँकरच्या लडी, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर गुंडाळून, हिरव्याच्या शेजारी हिरवा, जांभळ्याच्या शेजारी जांभळा. त्या दोऱ्याला सहा पदर असतात. नाजूक कामाला दोन पुरतात, पाकळी भरायची असेल तर तीन. पदर वेगळे करताना घाई केली की गुंता होतो, म्हणून एक-एक पदर वरून सरळ खेचून काढायचा आणि मग हवे तेवढे पुन्हा एकत्र धरायचे. वहिनी लडी देत नाहीत, पदर देतात. "किती हवेत?" विचारतात आणि हातभर दोरा तोडून तुमच्या तळहातावर ठेवतात. संपला तर पुन्हा मागायचा. हातभरच का, हे मी एकदा विचारलं. लांब दोरा घेतला की तो कापडातून सारखा ओढला जाऊन शेवटी शेवटी पिंजतो, त्याची चमक जाते. त्यांचा हिशेब कंजुषीचा नव्हता, दोऱ्याचा होता.

नक्षी उतरवून घ्यायची रीत मात्र आम्हाला अथणीच्या काकूंनी दिली. बटर पेपरवर नक्षी काढायची, तिच्या रेषेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीत कापसाचा बोळा बुडवून वरून फिरवायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची वेल. एक कागद पन्नास वेळा चालतो. काकूंकडे असे कागद एका उशीच्या अभ्र्यात भरलेले आहेत आणि त्यातले निम्मे सदैव कुणाच्या ना कुणाच्या घरी असतात.

याचं मला अजून नवल वाटतं. आमच्या लग्नाच्या वयात नक्षी अशी हातोहात फिरत नव्हती. रुखवत मांडायचं असायचं. क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, मॅटीवर क्रॉसस्टिचचा गणपती, भरतकामाचा टेबलक्लॉथ, हे सगळं नवरीनं स्वतः केलंय असं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगितलं जायचं. माझं आणि शेजारच्या मुलीचं लग्न एकाच महिन्यात होतं. तिच्या टेबलक्लॉथच्या कोपऱ्यातली गुलाबाची परडी मला फार आवडली होती. मी उतरवून मागितली, तिनं दिली नाही. तेव्हा राग आला. आज वाटतं, तिचं बरोबर होतं. दोन मांडवांत एकच परडी दिसली असती तर बघणाऱ्यांनी कुणी कुणाची नक्कल केली याचाच विषय केला असता. आम्ही मुली एकमेकींपासून टाके लपवत होतो, कारण ते टाके दुसऱ्यांपुढे परीक्षेला बसायचे होते. गुरुवारच्या सतरंजीवर तशी परीक्षा नाही, म्हणून तिथे कागद फिरतात.

मी स्वतः गटात कसुती आणली. माझी आजी धारवाडची. तिच्याकडून ही कला माझ्या आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आली. कानडीत 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत. हातानं केलेलं सुताचं काम. काळ्या किंवा गर्द इरकली साडीच्या पदराशी गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, पाळणा अशी चित्रं असतात ना, तीच. तिचे टाके चार. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला क्रॉसस्टिच, मेथीच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून. नेगी हा विणल्यासारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा. मुरगी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. आणि सगळ्यांत गोड गवंती.

गवंतीत ओळ दोनदा चालायची असते. जाताना नुसता धावदोरा घालत जायचं. एक टाका वर, एक खाली. म्हणजे एक घर भरलेलं, एक रिकामं. टोकाला पोचलं की वळायचं आणि त्याच भोकांतून परत येताना रिकामी राहिलेली घरं भरायची. परत आलात की ओळ अखंड होते, आणि मागूनही तशीच अखंड दिसते. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक त्याच टाक्यांच्या आत दडवायचं. कापडावर आधी काही रेखाटायचं नाही, उभे-आडवे धागे मोजायचे. हल्ली कापड फार बारीक असेल तर वर जाळीचं कॅनव्हास टाचतात, त्याची घरं मोजून काम करतात आणि झाल्यावर कॅनव्हासचे धागे एक-एक ओढून काढतात. माझी आजी मात्र कंदिलाच्या उजेडात इरकलीचे धागे मोजायची.

मोजणीत एका धाग्याची चूक झाली तर जाताना ती कळत नाही. परतताना कळते. गोपुराची एक बाजू दुसरीला येऊन भिडत नाही, एका धाग्याचं अंतर राहतं. ते कशानंही झाकता येत नाही. उसवावंच लागतं, चूक जिथे झाली तिथपर्यंत. आईनं माझा हात कितीतरी वेळा असा मागे नेलाय. एकदा एक रथ जवळजवळ पूर्ण झाला होता आणि तिनं पहिल्या चाकापर्यंत उसवायला लावला. मी रडले. तिनं डोळे पुसले नाहीत, सुई हातात दिली आणि शेजारी बसली. पुढे मी तिच्याइतकीच कडक झाले. कसुतीत दयामाया करून चालत नाही, कारण कापडच हिशेब मागतं. हे मला आजही तितकंच खरं वाटतं. माझी चूक झाली ती हा कायदा मी दुसऱ्याच घरात नेला म्हणून.

ते दुसरं घर म्हणजे वाकळ. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं, २००५ च्या पुराहूनही वर. पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती गाळानं भरलेल्या गाद्या आणि अंथरुणं पडलेली होती. गादी चिखलात भिजली की ती टाकूनच द्यावी लागते. त्या वर्षी आम्ही भरतकाम बाजूला ठेवलं, घराघरांतून सुती साड्या, धोतरं, चादरी गोळा केल्या आणि जतच्या मावशींना म्हटलं, शिकवा.

मावशी तोवर कोपऱ्यात बसून गप्प राहायच्या. भरतकाम त्यांना येत नव्हतं. कुणी एखादं फूल दाखवलं की "झकास" म्हणायच्या आणि पुन्हा आपल्या पिशवीला काजं करत बसायच्या. त्या दिवशी त्या उठल्या, सतरंज्या गुंडाळायला लावल्या आणि हॉलच्या मधोमध लुगडं अंथरलं. नऊवारी लुगड्याचे चार सारखे तुकडे पाडले. दोन जोडून खालची बाजू, दोन जोडून वरची. मध्ये धोतरं, फाटकी पातळं, बाळांची आखूड झालेली झबली उसवून सपाट केलेली. कापड जितकं जास्त धुतलेलं तितकं बरं, सुई सहज उतरते आणि अंगाला टोचत नाही. नवं कापड आतला थर म्हणूनसुद्धा त्या घेत नाहीत. चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली, पाटा-वरवंटा नव्हता म्हणून मैत्रिणीची पितळी भांडी. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर टाचून घेतले आणि चारी बाजूंना आम्हाला बसवलं. काठापासून सुरुवात करायची, बोटभर अंतर सोडून पुढची ओळ, आणि असं चारी बाजूंनी आत आत सरकत यायचं. टाका एकच, धावदोरा. आपण शिवत शिवत वाकळीवरच बसायला लागतो. संध्याकाळी चौघी मधोमध इतक्या जवळ येतो की डोकी एकमेकींना लागतात.

वाकळ झाली की तिच्यात चारी हात ओळखू येतात. मिरजेच्या वहिनींचा टाका तांदळाच्या कणीसारखा. अथणीच्या काकूंचा जरा तिरका, कारण त्या कापड गुडघ्यावर ओढून घेतात. मावशींचा मोठा, ज्वारीच्या दाण्याएवढा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच. माझा मोजून घातल्यासारखा. मी खरंच मोजत होते, मनातल्या मनात.

पुढच्या वर्षांत ती सवय राहिली. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागात उतरतात, शिवारात कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहतात आणि हिवाळा तिथेच काढतात. त्यांच्यासाठी दरवर्षी दिवाळीआधी चार-पाच वाकळा आम्ही करतो.

असंच एका पावसाळ्याच्या शेवटी एक मुलगी गटात आली. पंचविशीची, लेकराला कडेवर घेऊन. सासर इथलं, नवरा दिवसभर कामावर, घरात बोलायला कुणी नाही. सुई तिनं शर्टाचं बटण लावण्यापलीकडे धरलेली नव्हती. मावशींनी तिला लगेच वाकळीच्या काठाला बसवलं. तिचे टाके कधी गव्हाएवढे, कधी शेंगेएवढे. ओळ ओढ्यासारखी जायची. कुणी काही बोललं नाही. मी मात्र बघत होते. मला ती ओळ दिसत राहायची, कुणाच्या भिंतीवरची तसबीर तिरकी असली की दिसत राहते तशी.

एका गुरुवारी त्या वाकळीवर काम करून आम्ही उठलो आणि ती घडी घालून मी घरी आणली. वाकळा माझ्याकडे राहतात, माझ्या घरात रिकामी खोली आहे म्हणून. रात्री जेवणं झाल्यावर मी ती दिवाणावर पसरली. त्या मुलीच्या बाजूला, काठापासून सातव्या ओळीत, एक मोठा फुगवटा आला होता. सरळ चाललेली ओळ एकदम आत वळलेली, वीतभर गोलाईनं जाऊन पुन्हा जागेवर आलेली. तिच्या पुढची आठवी ओळही त्या फुगवट्याला धरून तशीच वळलेली. मी कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. दोन्ही ओळी हातभर उसवल्या आणि सरळ करून टाकल्या. बारापर्यंत जागून, अगदी तिच्यासारखे लहान-मोठे टाके घातले, म्हणजे तिला कळू नये. मला तेव्हा वाटत होतं, मी तिच्यासाठी काहीतरी करते आहे.

पुढच्या गुरुवारी ती आली, लेकराला खाली सोडलं आणि वाकळीवर हात फिरवत काहीतरी शोधायला लागली. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. मला वाटलं, सुई हरवली.

"काय गं?"

"काकू, इथं बाळ झोपलं होतं ना मागच्या वेळी," ती म्हणाली. "त्याचे पाय आत आले होते. उठवलं असतं तर रडलं असतं, म्हणून मी पायांच्या कडेकडेनं टाके घेतले होते. ते दिसत नाहीयेत."

मी तिच्या समोर बसले होते. खोटं बोलणं सोपं होतं, ती वाकळ दुसरी म्हणून सांगता आलं असतं. तेवढं मी केलं नाही. म्हटलं, "ओळ वाकडी झाली होती, मी सरळ केली."

ती "बरं" म्हणाली. एवढंच. सुई ओवली, पाचेक टाके घातले, मग बाळाला भूक लागली असेल म्हणत उठली. पुढचे दोन गुरुवार ती आली नाही.

तिच्या त्या 'बरं'मध्ये राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यात राग नव्हता. चूक आपलीच असणार, आपल्याला शिवता येत नाही, असं मान्य केल्याचा तो आवाज होता. मला माझा रथ आठवला. पण माझी आई मला न विचारता रात्री कधी उसवत बसली नव्हती. सुई तिनं माझ्या हातात दिली होती, आणि ती माझ्या शेजारी बसली होती. आणि चाक चुकलेलं होतं, हे मलाही दिसत होतं. या मुलीचं काय चुकलं होतं? वाकळीच्या ओळीनं थर धरून ठेवायचे असतात. ते तिनं धरले होते. झोपलेल्या लेकराला वळसा घालून धरले होते.

जतच्या मावशींना मी सगळं सांगितलं. त्या काजं करत ऐकत होत्या.

"ताई, आमच्यात वाकळ उसवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "फाटली तर वरनं आनिक एक लुगडं घालत्यात. माज्या सासूच्या वाकळंत माजं टाकं हाईत, माज्या नंदंचं हाईत. नंद ग्येली, टाकं हाईत." मग जरा थांबून, "पोरीला बोलवा की."

मी गेले. घर सापडायला वेळ लागला. दारात उभी राहूनच म्हटलं, माझं चुकलं, मी तुला विचारायला हवं होतं. तिला अवघडल्यासारखं झालं. "काकू, असू द्या हो," म्हणाली, चहा टाकला. बाळ माझ्या पिशवीतून रीळ काढून घरभर दोरा सोडत फिरत होतं. निघताना ती म्हणाली, "मला फक्त ते कोपीतल्या बाईला सांगायचं होतं, की इथं एक बाळ झोपलं होतं. तिला कळलं नसतं म्हणा."

त्या रात्री मी वाकळ पुन्हा पसरली. मनात काही नव्हतं, नुसतं बघायचं होतं. वरचं लुगडं गर्द जांभळं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मी मोबाइलची बॅटरी लावून कापडावर अगदी आडवी धरली. आणि मी घातलेल्या सरळ ओळींच्या आतल्या अंगाला, वीतभर गोलाईत, बारीक पांढरे ठिपके दिसले. जुन्या कापडात जाड सुई गेली की भोक लगेच मिटत नाही, आणि वर येताना ती आतल्या पांढऱ्या धोतराचे एक-दोन तंतू बरोबर घेऊन येते. दोरा मी काढला होता, तंतू तिथेच होते. एक मोठं अंतर, एक लहान, दोन लहान, पुन्हा मोठं. तिच्या हातानं जिथे जिथे सुई टोचली होती ती एक-एक जागा.

गुरुवारी ती आली. मी काही बोलले नाही, कात्री तिच्या हातात दिली आणि माझ्या ओळी दाखवल्या. तिनं त्या उसवल्या. मावशी शेजारी येऊन बसल्या. मी आडवी बॅटरी धरली, तिनं सुई ओवली आणि पहिल्या ठिपक्यातून वर काढली.

गवंतीत परतताना जसं जुन्या भोकातच सुई घालायची असते, तसंच ती करत होती, आणि ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. भोक सापडलं की सुई आपोआप उतरायची, जरासुद्धा जोर लागत नव्हता. टाचेपाशी दोन ठिपके सापडेनात. मी चष्मा पुसून बघितलं, मिरजेच्या वहिनींनी बघितलं. तिथे तिनं बाळाला उचलून आणलं, वाकळीवर झोपवायचा प्रयत्न केला. ते कसलं झोपतंय, लाथा झाडत होतं. पण तेवढ्यात तिनं एक पाय धरून खाली टेकवला, अंदाज घेतला आणि दोन टाके घातले. महिनाभरात पाय थोडा वाढला होता. फुगवटा त्या जागी आधीपेक्षा जरा बाहेर आला.

आठव्या ओळीला तिनं मला बसवलं. "काकू, तुम्ही पुढची घ्या." मी तिच्या ओळीला धरून, बोटभर अंतर राखत, वळत गेले. मोजलं नाही.

ती वाकळ त्याच आठवड्यात पुरी झाली. शेवटचा मधला चौकोन शिवायच्या आधी मावशींनी नेहमीप्रमाणे पदराखालून भाकरी काढली. वाकळीचं पोट रिकामं ठेवून शिवून टाकायचं नाही, ही त्यांची रीत. नखाएवढा तुकडा मोडून त्यांनी थरांमध्ये सारला आणि तोंड बंद करायला सुई त्या मुलीकडे दिली. उरलेली भाकरी बाळानं दोन्ही हातांनी धरून वाकळीवर बसून खाल्ली, आणि नंतर आम्हाला तिच्यावरचा भुगा झाडावा लागला.